आधीच दिलेलं ‘हो’

डेबियन लिनक्स टाकताना शेवटाकडे एक प्रश्न येतो: डिस्कवर बदल लिहायचे का? तिथे आधीपासून निवडलेलं उत्तर ‘नाही’ असतं. आपण मुद्दाम ‘हो’वर जायचं, मगच जुनं पुसलं जातं. मी कितीतरी वेळा न वाचता ‘हो’ केलंय. तो प्रश्न तिथे कशासाठी आहे, हे कळायला मला खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत जावं लागलं.

मी कर्जतची. नोकरी ऐरोलीला, शनिवार-रविवार सुट्टी. शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीने फोन केला: कुणीतरी वापरलेले अठरा कॉम्प्युटर दिलेत, विंडोज रखडत चालतंय, काही होईल का? म्हटलं, लिनक्स टाकू. कर्जतहून खोपोली लोकल पकडली, पुढे टमटम. पेनड्राइव्ह घेऊन एकेका मशीनसमोर बसले. भाषा कुठली, कीबोर्ड कुठला, पासवर्ड काय, तीच उत्तरं पुन्हा पुन्हा. संध्याकाळपर्यंत चारच झाले.

परतताना ठरवलं, उरलेले चौदा एकदम करायचे.

आपल्या रायगडात शाळेत लिनक्स येणं नवं नाही. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये याच जिल्ह्यात, खैराट धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत झाला. ते हिरवे-पांढरे लॅपटॉप फेडोरा लिनक्सवर चालत. पुढे त्यांच्यासाठी अशी सोय निघाली की एक लॅपटॉप वायरलेसवरून नवी सिस्टिम पाठवणार आणि आजूबाजूचे सगळे ती एकाच वेळी उतरवून घेणार.

माझ्याकडे होता पीएक्सई. १९९९ च्या सुमारास इंटेलने पक्की केलेली ही पद्धत. कॉम्प्युटर चालू झाला की हार्ड डिस्ककडे न जाता केबलवर हाक मारतो: मला पत्ता द्या, काय चालू करू ते सांगा. माझा लॅपटॉप पत्ता देणार, इन्स्टॉलर पाठवणार आणि सोबत ‘प्रीसीड’ नावाची फाइल, ज्यात सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली. डिस्क पुसण्याच्या प्रश्नालाही मी ‘हो’ लिहून टाकलं. इंटरनेट धड नव्हतं, म्हणून लागणारी पॅकेजेसही लॅपटॉपवरच भरून नेली.

पुढच्या शनिवारी चौदा मशीनवर एफ-ट्वेल्व्ह दाबत फिरले. चौदा पडद्यांवर रेघा एकदम सरकायला लागल्या. पोरं बाकांवर चढून बघत होती. तासाभरात काम झालं. टाळ्याही मिळाल्या.

मग वीज गेली. १९१५ पासून खोपोलीत वीज तयार होते आणि मुंबईला जाते, पण आमच्याकडे पाऊस आला की दिवे जातात. माझा लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता. वीज आली, स्विच सुरू झाला, आणि शेजारच्या ऑफिसात भाऊसाहेबांनी रोजच्यासारखं आपल्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. त्याची वायर आमच्याच स्विचमध्ये होती. त्याच्या सेटिंगमध्ये नेटवर्क पहिलं होतं, जुन्या मालकाने तसंच ठेवलेलं. त्याने रोजच्यासारखी हाक मारली. एरवी कुणी ओ देत नसे. त्या दिवशी मी दिली.

‘‘मॅडम, माझ्याकडेपण तुमचं ते निळं-राखाडी आलंय,’’ भाऊसाहेब दारात येऊन म्हणाले. मी धावले, तोवर डिस्कची नव्याने वाटणी झाली होती.

त्यात जनरल रजिस्टर होतं. दोन वर्षं शाळा सुटल्यावर बसून त्यांनी जुन्या, फाटक्या वह्यांमधून एक्सेलमध्ये उतरवलेलं. इथे कातकरी, ठाकर घरांतली माणसं जातीच्या दाखल्यासाठी आजोबांची शाळेतली नोंद शोधत येतात. ती मिनिटात सापडावी म्हणून ही खटपट. डिस्कमधून काही फोटो परत मिळाले, ती फाइल नाही.

भाऊसाहेब ओरडले नाहीत. ‘‘वह्या आहेत अजून,’’ एवढंच म्हणाले. त्याचाच जास्त त्रास झाला.

त्यानंतरचे नऊ शनिवार मी टायपिंग केलं. ते वाचायचे, मी टाइप करायचे. अर्ध्या मुलांची जन्मतारीख १ जून; गुरुजींनी अंदाजाने घातलेली. ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात सारखं एकच: स्थलांतर. एकाच घरातले आजोबा, मुलगा, नात तीन वह्यांत भेटले. हे सगळं मी डोळे मिटून ‘हो’ म्हणत पुसलं होतं.

आता माझ्या सेटअपमध्ये ठरावीक मशीनचे मॅक ॲड्रेस लिहिलेले असतात, बाकी कुणाला उत्तर मिळत नाही. काही न निवडल्यास कॉम्प्युटर आपल्या हार्ड डिस्कवरच जातो. रजिस्टरची प्रत रोज दुसऱ्या मशीनवर जाते. आणि प्रीसीडमधून मी एक ओळ काढून टाकलीय. चाळीस मशीन असली तरी तो एक प्रश्न प्रत्येक पडद्यावर येतो, आणि मी प्रत्येकासमोर जाऊन विचारते, ‘‘यात कुणाचं काही आहे का?’’