खळ उतरल्यावर

कसालहून मालवणकडे जाताना वाटेत कट्ट्याची बाजारपेठ लागते. वराड, पेंडूर, गोळवण, नांदोस अशा आजूबाजूच्या गावांतल्या किती तरी घरांची कापडाची खरेदी एके काळी इथेच व्हायची. आज पन्नाशी-साठीत असलेल्या आमच्या पिढीला ती चांगली आठवते. शाळा उघडायच्या आधी गणवेशाचं कापड घ्यायला आम्हीही आयांबरोबर दुकानाच्या गादीवर बसलेलो असायचो. आई, काकी, शेजारची वयनी अशा दोघी-तिघी मिळून निघत. एकटीने कापड घ्यायला सहसा कुणी जात नसे. एकीला वीण कळायची, एकीला रंग, आणि एकीला दुकानदाराशी बोलता यायचं.

भाव विचारला जायचा तो सगळ्यांत शेवटी. पैसे मोजकेच असायचे. मुंबईहून मनिऑर्डर आली तरच दुकानाची पायरी चढायची. तरीही आधी कापड बघायचं आणि मग भाव.

आणि कापड तरी कुठलं? पॉपलीन, मांजरपाट, लाँगक्लॉथ, परकराची छीट, म्हणजे दुकानातला सर्वांत स्वस्त माल. माझ्या मते खरी पारख लागते ती इथेच. भारी कापड बहुधा बरंच निघतं. स्वस्त मालात मात्र उत्तम आणि टाकाऊ एकाच फळीवर, एकाच भावात, शेजारी शेजारी रचलेलं असतं.

त्या बायकांचा हिशेब लांबचा होता. घरात आलेलं कापड सहसा घराबाहेर जात नसे. लुगडं आधी सणावारी, मग रोजच्या नेसण्यात, मग लावणीच्या चिखलात, आणि शेवटी गोधडीत. परकराचा घेर, धोतराची पानं, वराडकर हायस्कूलला जाणाऱ्या पोरांचे गुडघ्यावर फाटलेले गणवेश, सगळ्यांची वाट तिकडेच जायची. म्हणजे दुकानात बसलेली बाई एकच कापड दोनदा विकत घेत असे, एकदा अंगासाठी आणि एकदा गोधडीसाठी. अंगासाठी कुणीही घेईल. पाच-सात वर्षं धुऊन, वाळवून, पुन्हा धुऊन शेवटी त्याचं काय उरेल, हे दुकानात बसून ओळखणं ही त्यांची विद्या.

पहिली परीक्षा खळीची. विणताना तुटू नयेत म्हणून उभ्या धाग्यांना खळ लावतात आणि विणून झाल्यावर ती धुऊन काढतात. पण वीण विरळ असली की कापड भरदार दिसावं म्हणून ते विणल्यावर पुन्हा खळ चढवतात. हाताला ते कडक आणि दाट लागतं, त्यावर इस्त्रीची चकाकी असते. काकी कापडाचा कोपरा दोन तळव्यांत धरून जोरात चोळायची आणि आपल्या गडद लुगड्यावर झटकायची. पांढरी भुकटी पडली की ती दुकानदाराकडे बघायची. मग तोच कोपरा दाराच्या उजेडाला धरायची. चोळलेल्या जागी पलीकडचा रस्ता दिसायला लागलेला असायचा.

"दादानू, ह्या कापड न्हय, ही नुसती खळ असा. पैल्या धुण्याक चाळण जातली हेची."

"काकीनू, तुमका फसवन मी खय जातलंय?" असं म्हणत दुकानदार तो तागा बाजूला सारून दुसरा काढायचा. तो रागावत नसे. पुढच्या खेपेलाही हीच गिऱ्हाइकं येणार हे त्याला ठाऊक होतं.

मग ताण. दोन्ही अंगठे जवळजवळ टेकवून कापड आडवं ओढायचं आणि सोडायचं. धागे सरकून मध्ये फट राहिली तर ते शिवणीपाशी उसवणार. त्यानंतर फाडणं. दुकानदार कात्रीने काठाला चीर द्यायचा आणि टर्रकन फाडायचा. सुती कापड धाग्याच्या रेषेत फाटतं. फाटलेली कड सरळ असून छाप्याची रेघ तिच्याशी तिरकी धावत असेल, तर कापड वाकडं ताणून छापलं आहे हे तिथल्या तिथे उघडं पडायचं. असं कापड पाण्यात पडलं की आपल्या मूळ वळणावर जातं. त्याचा परकर पिळा खातो आणि गोधडीला लावलं तर चौकोनी गोधडी शंकरपाळ्यासारखी होते.

गोधड्या शिवायचे दिवस चैत्र-वैशाखाचे. सारवलेल्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मांडवाच्या सावलीला जुनं लुगडं अंथरायचं, चारी टोकांवर पाट नाहीतर दगड ठेवायचे, त्यावर तुकड्यांचे थर लावायचे आणि वरून दुसरं लुगडं. आमच्याकडच्या गोधडीत कापूस नसतो, कापडावर कापड आणि धावदोरा, एवढंच. कडेपासून सुरुवात करून आत आत येत जायचं. चार बायका चार बाजूंना बसल्या की घरोघरीच्या बातम्या आणि टाके बरोबरच पुढे सरकायचे. दुकानात नजरेतून सुटलेला खोटा माल इथे सुईला सापडायचा. मऊ सुती कापडाच्या चार-पाच थरांतून सुई अलगद निघते. छपाईचा जाड थर असलेल्या कापडात ती करकरते, अडते, आणि संध्याकाळी बोटाला घट्टा आलेला असतो.

चांगलं कापड म्हणजे घट्ट विणीचं, असंही नव्हतं. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आठ आठ दिवस ऊन दिसत नाही. गोधडीच्या पोटात दाट, जाड कापड घातलं तर ओल धरते, कुबट वास येतो, बुरशीचे काळे ठिपके पडतात. म्हणून पोटात विरळ, झिरझिरीत, धुऊन मऊ झालेलं कापड. पाठीला आणि तोंडाला मात्र घट्ट विणीचं, कारण घासलं जातं ते तेच. बाळाच्या दुपट्याला कोरं कापड वर्ज्यच. आजीचं शेवटचं लुगडं त्यासाठी राखून ठेवलेलं असे. दुकानात एखादी म्हणायची, "वाईट नाय गो, पोटात चलात." एकाच ताग्याला एक नापास करायची आणि दुसरी आपल्या कामापुरतं पास करायची. दोघींचंही बरोबर असायचं.

कोरं कापड घालायची वेळ आलीच तर आधी रात्रभर बावीच्या पाण्यात. सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन-पाच सेंटिमीटर सहज आटतं, खळीचं त्याहून अधिक. जुनं कापड आटून आटून कधीच स्थिर झालेलं असतं. न भिजवता दोन्ही एकत्र शिवली तर पहिल्याच धुण्यात कोरं ओढलं जातं आणि जुन्याला चुण्या पडतात. भिजवायच्या आधी आणि वाळल्यावर वितीने मोजायचं. वितीत दोन बोटं कमी भरली तर ते कापड घरातल्या दुसऱ्या कामाला, गोधडीला नाही.

ही सगळी पारख गावातच उपजली असं मात्र नाही. तिच्यात मुंबईच्या गिरण्यांचा मोठा वाटा आहे. आमच्या कितीतरी घरांतला बाबा, काका नाहीतर मामा परळ-लालबागच्या गिरणीत होता. गणपतीला तो यायचा तेव्हा ट्रंकेत एक गाठोडं फेंटांचं असायचं. फेंट म्हणजे ठाण तपासताना दोष निघालेले किंवा लांबीत न बसणारे तुकडे. ते वजनावर विकले जायचे. साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहणारा माणूस तो. धागा उलगडून, पीळ सोडवून तो बायकांना दाखवायचा. बारीक धाग्याचा काउंट मोठा असतो आणि जाड धाग्याचा लहान, वीस-तीस काउंटचं कापड दिसायला भरड पण कष्टाला टिकणारं, हे ज्ञान स्वयंपाकघरापर्यंत त्याच्यामुळे पोचलं. दोषांमधलाही फरक त्यानेच शिकवला. छापा सरकलाय, रंग कमी-जास्त लागलाय, तेलाचा डाग पडलाय, असं कापड स्वस्तात मिळत असेल तर बेशक घ्यावं. उभा धागा तुटून रेघ पडली असेल, मध्येच वीण विरळ झाली असेल, तर फुकट मिळालं तरी गोधडीला लावू नये. छपाईचा दोष डोळ्याला टोचतो एवढंच, विणीच्या दोषाने कापड फाटतं. आजच्या कटपीसच्या ढिगापुढे उभं राहिल्यावरही मला याहून चांगला नियम सापडलेला नाही.

दुसरं मोठं शिक्षण कंट्रोलच्या कापडाने दिलं. 1964 पासून सरकारने गिरण्यांना धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग, ड्रिल अशा रोजच्या कापडांचा काही वाटा ठरवून दिलेल्या किमतीत काढायला लावला. 1976 मध्ये हातमागाचं जनता कापडही आलं. कंट्रोलच्या कापडाला चकाकी नाही, रंगांची हौस नाही, म्हणून ते नेसायला लाजणारेही होते. सगळे लॉट सारखे नसत हेही खरं. काही अगदीच पातळ निघायचे. पण बरा लॉट आला की आमच्या घरांतल्या बायका चारचौघींना निरोप धाडायच्या. जाड्या धाग्याचं ते लुगडं सुरुवातीला टोचायचं आणि धुण्यागणिक मऊ होत जायचं. आमच्या घरातल्या ज्या गोधड्या अजून अंगावर घेता येतात, त्यांच्या पोटात बरंचसं तेच आहे.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यातले पुष्कळ गावी परतले, पुष्कळांचं काम कायमचं गेलं. मनिऑर्डरी थांबल्या आणि फेंटांची गाठोडीही. त्या काळात आमच्या घरांत शिवलेल्या गोधड्या ओळखू येतात. त्यांत पिठाच्या पिशव्या आहेत, छत्रीचं कापड आहे, एका गोधडीत तर शाळेच्या दप्तराचा तुकडासुद्धा आहे.

टेरिकॉटने वेगळाच पेच टाकला. ते फाटत नाही, आटत नाही, इस्त्री लागत नाही, म्हणून पुरुषमंडळी खूश. बायकांना मात्र त्याचा शेवट दिसत होता. गोधडीच्या पोटात ते घसरतं, घाम शोषत नाही, आणि आजूबाजूचं सुती आटलं की त्याचे फुगे येतात. मुंबईत अशा कपड्यांवर बोहारीण स्टीलची भांडी द्यायची, त्यामुळे गावाकडे येणारं जुनं कापडच कमी झालं. सुती म्हणून मिश्र माल गळ्यात पडू नये यासाठी चुलीची परीक्षा आली. काठाचा एक धागा काढून विस्तवाला लावायचा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटाने चुरडली तर राख मऊ असते. पॉलिएस्टरचा वितळतो आणि काळा, कडक मणी उरतो. दोन्ही मिसळलेले असले की राखेत खडे लागतात.

रंगाची परीक्षा सोपी. थुंकी लावलेला अंगठा लाल, जांभळ्या किंवा गडद निळ्या कापडावर दाबायचा आणि आपल्या पांढऱ्या रुमालाला पुसायचा. मिठाच्या पाण्याने कच्चा रंग पक्का होतो ही समजूत त्या पिढीत होती आणि अजून आहे. मला ती पटत नाही. कच्चा रंग धुऊन निघून गेलेलाच बरा, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत लाल तुकडा पांढऱ्याशेजारी बसवू नये.

जुन्या कापडाच्या गोधड्या फक्त आमच्याकडेच होतात असं नाही. उत्तर कन्नडात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडच्या सिद्दी बायका कवंद नावाच्या गोधड्या शिवतात. त्याही कडेपासून आत येतात आणि कोपऱ्यांना कापडाची तिकोनी घडी घालून फुलं लावतात. त्यांचीही भिस्त वापरून मऊ झालेल्या कापडावरच. जुन्या कापडाची परीक्षा वर्षांनी आधीच घेतलेली असते, ही त्यांतली मोठी सोय. आता विक्रीसाठी गोधड्या होऊ लागल्या आहेत, बचतगटातल्या बाया पर्यटकांसाठी शिवतात, आणि त्यासाठी नवं कापड लागतं. ते येतं सेलमधून. हॉल भाड्याने घेऊन मांडलेले ढीग, किलोवर मिळणारे तुकडे, वर 'कॉटन' अशी चिठ्ठी.

या ढिगांतही चांगला माल असतो, म्हणून मला सेलला नावं ठेवण्यात रस नाही. उलट बाजू बघावी. रंग पाठीमागे नीट उतरलेला नसेल आणि छापा बोटाला रबरासारखा लागत असेल, तर ती वरवरची छपाई. तिच्यात सुईची भोकं कायमची राहतात. इचलकरंजीच्या यंत्रमागावरचा साधा मांजरपाट किंवा केंब्रिक बिनछापाचं मिळालं तर पाठीला ते घ्यावं. आता चोळू देत नाहीत, ओलं करू देत नाहीत, धागा जाळायचं तर नावच नको. मग पाव मीटर विकत घ्यावं. घरी गरम पाण्यात साबण लावून धुवावं, उन्हात वाळवावं, मोजावं, उजेडाला धरावं, एक धागा जाळून बघावा. पास झालं तर दुसऱ्याच दिवशी तो तुकडा घेऊन परत जावं आणि त्याच ताग्यातलं मागावं. रंग तोच आणि चिठ्ठी तीच असली, तरी दुसऱ्या ताग्याची पुन्हा पहिल्यापासून परीक्षा घ्यावी.