हे वाचलंय?

जून लागला की पुण्याच्या आप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांना एक वेगळाच वास सुटतो. ओल्या छत्र्यांचा, कोऱ्या वह्यांचा, गठ्ठ्यांच्या सुतळीचा. काउंटरला छाती टेकून उभे राहिलेले पालक शाळेची यादी वाचून दाखवत असतात, वरच्या फळीवरून कुणीतरी खाली पुस्तकं झेलत असतं, बिलामागून बिल फाटत असतं, आणि त्या सगळ्या कल्लोळात पुस्तकं काढून देणारा एक माणूस क्षणभर थांबतो, ओळखीचं हसतो, मागच्या कपाटातून एक पातळसं पुस्तक काढतो आणि विचारतो, "हे वाचलंय?"

गर्दी एकदम दूर जाते.

दुकानात काम करणाऱ्याला दुकानात वाचायला कुठे मिळतं? तो वाचतो रात्री घरची निजानीज झाल्यावर, लोकलच्या दांडीला एका हाताने लोंबकळत, दुपारच्या डब्यानंतरच्या जेमतेम वेळात. म्हणून तो जे पुस्तक पुढे करतो त्यात त्याची झोप गेलेली असते. कुणाला तरी पुस्तक सुचवणं म्हणजे आपण कुठे हळवे होतो, कुठे आपला गळा दाटतो, हे त्याला दाखवून देणं. एरवी आपण ते घरच्यांनाही दाखवत नाही.

गिरगावातल्या एका दुकानात एक वयस्क गृहस्थ होते. बोलणं मोजकं, चष्मा कपाळावर. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' त्यांनीच माझ्या हातात दिलं. बाहेर आषाढ कोसळत होता. पुस्तक खाकी कागदात बांधता बांधता ते म्हणाले, "एका बैठकीत संपवू नका हं. आता आषाढ आहे ना, मग आषाढच वाचा आणि ठेवून द्या. श्रावण लागला की श्रावण." पुस्तक चैत्रापासून सुरू होतं, मी ते त्यांच्या सांगण्यावरून मधूनच धरलं आणि वर्षभर महिन्यांच्या मागून चालत राहिले. फाल्गुनात आमच्या गल्लीच्या टोकाला, गॅरेजच्या पत्र्यावर वाकलेल्या एका निष्पर्ण झाडाला लालभडक फुलं आली. तो पांगारा होता. इतकी वर्षं मी त्याच्याखालून बस पकडत होते.

त्याच गृहस्थांनी पुढे विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' दिलं. युरोप सोडून निघालेली बोट, तिच्यावरचे देशोधडीला लागलेले ज्यू, आणि पुढ्यात युद्ध. 1939 सालचं एवढंसं पुस्तक. "उद्या लवकर उठायचं नसेल तरच आज सुरू करा," एवढंच ते म्हणाले. नंतर दुकानात गेले तेव्हा त्यांनी काहीच विचारलं नाही. माझ्याकडे बघितलं, चष्मा डोळ्यांवर घेतला, आणि आपल्याशीच मान हलवली. तेव्हा मला कळलं की पुस्तक देऊन झाल्यावर हा माणूस वाट बघत असतो. एखादं पुस्तक पहिल्यांदा वाचणं एकदाच वाट्याला येतं. त्याचं ते होऊन गेलेलं असतं, आणि आता अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांवर तो ते पुन्हा पुन्हा शोधत असतो.

फोर्टातलं स्ट्रँड बुक स्टॉल आठवतं. टी. एन. शानभागांनी ते 1948 साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात एका कोपऱ्यात सुरू केलं. तरुणपणी एका दुकानात पुस्तकं चाळली म्हणून त्यांचा अपमान झाला होता, आणि जिथे कुणीही पुस्तक हाताळावं असं दुकान आपण काढायचं हे त्यांनी तेव्हाच मनाशी धरलं होतं, असं सांगतात. ते दुखणं त्यांनी किती सुंदर फेडलं! पुढे ते फोर्टात आलं, आणि तिथल्या त्या चिंचोळ्या जागेत, छतापर्यंत चढलेल्या पुस्तकांमध्ये, अंग चोरून तासन्‌तास उभं राहता यायचं. 2009 साली शानभाग गेले, 2018च्या फेब्रुवारीत दुकान मिटलं. पुस्तकं आता अंगठ्याच्या एका टिचकीने घरी येतात, आणि फोनही सारखं काहीबाही सुचवत असतो. पण फोनने कुठल्याच पुस्तकासाठी कधी रात्र जागवलेली नसते.

दिवाळीच्या तोंडावर दुकानातल्या या मंडळींचं खरं रूप दिसतं. 1909 साली 'मनोरंजन'ने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दरवर्षी आपल्याकडे एक गोड संकट उभं राहतं: इतक्यांतले घ्यायचे कोणते? काउंटरवरची पोरं ते अंक बाजारात आल्या आल्या चाळून बसलेली असतात. "कथा हव्यात तर हा. लांबलचक लेख आवडतात ना, मग तो. याचं मुखपृष्ठ छान आहे, आत जेमतेम." विकायला बसलेला माणूस जेमतेम म्हणतो, तेव्हा मला त्याचे पाय धरावेसे वाटतात. त्या एका शब्दामुळे त्याची बाकीची स्तुती खरी होते.

अलीकडे घराजवळ एक लहानसं दुकान निघालंय. तिथली मुलगी आवडलेल्या पुस्तकांखाली स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या लावते. नंदा खरे यांच्या 'उद्या'खाली तिने लिहिलं होतं: "घाबरले. पुन्हा वाचलं." मी ते घेतलं. वाचून झाल्यावर गेले ती थोडी चिडूनच: माणसावर सतत नजर ठेवणारं, त्याला चहूकडून आवळत नेणारं हे जग वाचून जीव गुदमरला होता. "इतका अंधार कशाला गं?" मी म्हटलं. ती शिडीवर होती, तिथूनच म्हणाली, "ताई, अंधार कुठे? हे तर आत्ताचंच आहे." हिशेब करणाऱ्या मुलाने मान वर केली, त्याला दोघींचंही पटेना, त्याच्या मते पुस्तकात आशा आहे, फक्त आम्ही भराभरा वाचलं. तो ते पान शोधायला लागला. तेवढ्यात शाळेचा गणवेश घ्यायला निघालेले, वाट चुकून आत आलेले एक आजोबा आमच्या मध्ये येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "एवढं भांडताय, ते पुस्तक कोणतं ते तरी दाखवा."