स्नानगृहाच्या फरशीसंबंधी धाकट्या बंधूंस



बंधूंच्या पत्रातील विचारणा एकच आहे आणि तीही अडीच ओळींची: कोथरूडच्या नव्या घरात बिल्डरने बसविलेली स्नानगृहाची चकचकीत फरशी काढून दुसरी बसवावयाची झाल्यास ती कोणती घ्यावी. त्याआधी वास्तुशांतीचा वृत्तान्त दोन पाने भरून आहे, आणि त्या वृत्तान्तात, गुरुजींच्या दक्षिणेचा आकडा आणि केटररने जिलबी कमी आणल्याची तक्रार यांच्यामध्ये दडपून, असे एक वाक्य आहे की ताब्याच्या कागदांवर सह्या करताना उजव्या हातातून पेन गळून पडले, जीभ जड झाली, परंतु पंधरा-वीस मिनिटांत सारे पूर्ववत झाल्यामुळे घरात कोणास काही सांगितले नाही. राग आला की ताई समोरच्या माणसाशी ‘लोकांनी’, ‘मंडळींनी’ असे परक्यासारखे बोलू लागते, हे कराडच्या वाड्यात वाढलेल्या सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा प्रस्तुत पत्राची भाषा अशी का, याचा उलगडा बंधूंस निराळा करून द्यावयास नको.

फरशीचे उत्तर पुढे येईल. आधी त्या पंधरा-वीस मिनिटांविषयी. मेंदूच्या एखाद्या भागाकडे जाणारे रक्त गुठळीमुळे थोडा वेळ अडते आणि गुठळी विरघळली किंवा फुटून पुढे सरकली की पुन्हा वाहू लागते, या प्रकारास डॉक्टर मंडळी टीआयए म्हणतात, आणि तो क्षणिक स्वरूपाचा पक्षाघातच होय. चोवीस तासांच्या आत लक्षणे ओसरली तर तो टीआयए, अशी व्याख्या पुष्कळ वर्षे चालली. परंतु एमआरआय तपासणी रुळल्यावर असे दिसून आले की तासाभरात खडखडीत बरे वाटणाऱ्या कित्येकांच्या मेंदूत कायमची इजा झालेली असते, म्हणून २००९ मध्ये अमेरिकेतील हृदयरोग व पक्षाघात संघटनांनी घड्याळाची अट काढून टाकली आणि मेंदूच्या पेशी मेल्या की वाचल्या एवढीच कसोटी ठेवली. ती कसोटी सोफ्यावर बसून, हाताची मूठ दोनदा उघडझाप करून लागत नाही. थकबाकीची पहिली नोटीस न उघडता परत पाठविली म्हणून कर्ज फिटत नाही, हे लोकांना ऐकविण्यात ज्यांची बँकेतील उभी नोकरी गेली, त्यांनी स्वतःच्या मेंदूने धाडलेली नोटीस मात्र जिलबीच्या तक्रारीखाली सारून द्यावी, हे आश्चर्य म्हणावे की बेफिकिरी, याचा निर्णय बंधूंनीच करावा.

अशा झटक्यानंतर खऱ्या पक्षाघाताचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. ऑक्सफर्ड येथील पीटर रॉथवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, टीआयए किंवा सौम्य पक्षाघात झालेल्या रुग्णांवर विलंब न लावता उपचार सुरू केले तेव्हा पुढील ९० दिवसांत पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून सुमारे २ टक्क्यांवर आले; औषधे जुनीच, साधी, कोणत्याही दुकानात मिळणारी होती, ती लवकर दिली गेली एवढाच फरक. बंधूंनी त्या पहिल्या दिवसांत काय केले, तर टेम्पोवाल्याशी घासाघीस केली, खोकी मोजली, आणि चौथ्या दिवशी होमासमोर उपाशीपोटी धुरात बसून वास्तुपुरुषाची शांत केली. रक्तदाबाच्या गोळ्या ‘किरकोळ’ असे लिहिलेल्या खोक्यात गेल्या होत्या आणि ते खोके वास्तुशांतीनंतर उघडले, ही माहिती बंधूंच्या पत्रात नाही. ती भाचीकडून, तीही तिच्या तोंडून निसटली म्हणून, साताऱ्यास ताईपर्यंत पोहोचली. घर बदलताना माणसाची दिनचर्या मोडते आणि मोडलेल्या दिनचर्येत सर्वांत आधी गोळी चुकते, एवढे तरी घरातील एकाही शहाण्यास सुचू नये काय? शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ॲस्पिरिन मात्र घेतली गेली. हात लुळा पडतो तो गुठळीमुळे की मेंदूत रक्तस्राव झाल्यामुळे, हे सीटी स्कॅन केल्यावाचून डॉक्टरांनाही सांगता येत नाही, आणि रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने तो वाढण्याची भीती असते. शेजारी प्रेमळ आहेत, परंतु प्रेमळपणा हे वैद्यकीय शिक्षण नव्हे.

झाले ते असो. नंतर झालेल्या तपासणीचा अहवाल भाचीने फोनवर वाचून दाखविला त्यावरून एवढे कळते की मेंदूस कायमची इजा नाही, आणि मानेतून मेंदूकडे जाणारी डावी धमनी, जिला कॅरोटिड म्हणतात, ती थोडी अरुंद झाली असली तरी निम्म्याहून कमी. त्यामुळे शस्त्रक्रियेचा विचार नाही, गोळ्यांवर निभावेल. हृदयाचे ठोके दिवसरात्र नोंदविणारे होल्टर नावाचे छोटे यंत्र अंगावर बांधून घ्यावयाचे होते, ते पडदेवाला येणार म्हणून पुढे ढकलले आहे. ठोके मधूनच अनियमित पडत असतील तर गुठळी हृदयातच तयार होते आणि मग औषधच निराळे द्यावे लागते, ही त्या यंत्रामागची गरज. पडद्यांवाचून घर महिनाभर राहिले तरी कोणाचे काही अडणार नाही.

आता फरशी. चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी ओली झाली की पाय ठरत नाही, म्हणून स्नानगृहात मॅट, म्हणजे चमक नसलेली आणि हातास किंचित खरखर लागणारी, फरशी घ्यावी, आणि दुकानदारास तिचा ‘आर’ क्रमांक विचारावा. हा क्रमांक ठरविण्याची जर्मन रीत मोठी गमतीची आहे: फळीवर फरशी बसवून तिला तेल लावतात, तिच्यावर एक माणूस चालतो, फळी हळूहळू तिरकी करीत नेतात, आणि कोणत्या कोनात तो घसरतो ते पाहून ९ ते १३ यांपैकी क्रमांक देतात. घरातील न्हाणीस दहा किंवा अकरा पुरे. त्यापुढील क्रमांक कारखान्यांसाठी असतात आणि त्यांच्या खाचांतील साबणाचा थर घासताना भावजयीचे हात दुखतील.

परंतु फरशीवर थांबणे म्हणजे घराकडे धडधाकट माणसाच्या नजरेने पाहणे होय, आणि घर पाहण्याची ती नजर अपुरी आहे, असे थोरल्या बहिणीचे मत आज बनलेले नाही. माणूस न्हाणीत पडला तर तो बहुधा दाराला टेकूनच पडतो, आणि दार आत उघडणारे असेल तर बाहेरच्यांना ते त्याच्याच अंगावर ढकलावे लागते. म्हणून न्हाणीचे दार बाहेर उघडणारे आणि कडी बाहेरूनही सोडविता येणारी हवी. कमोडशेजारी आणि नळाजवळ धरावयास दांडी हवी. नव्या इमारतींच्या भिंती पुष्कळदा हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या असतात, त्यांत साधा खिळा किंवा स्क्रू माणसाचे वजन पेलत नाही, त्यामुळे दांडी बसविणाऱ्यास भिंत कशाची आहे ते आधी सांगावे आणि फरशी काढलेली असतानाच आतून आधार घालून घ्यावा. हे सारे ती. आईसाठी आहे असे लोकांना सांगितले तरी हरकत नाही, बंधूंचा मान राहील.

त्याहून मोठा प्रश्न दाराबाहेरचा. पुनर्विकासाच्या सभांत मंडळी तीन वर्षे चटई क्षेत्रावरून, म्हणजे २०१६ च्या रेरा कायद्याने बाहेरच्या भिंती व बाल्कनी वगळून आणि आतल्या भिंती धरून जे घरातील वापराचे क्षेत्र ठरविले आहे त्यावरून, हमरीतुमरीवर येत होती. तीस चौरस फुटांसाठी दोन सख्ख्या शेजाऱ्यांचे बोलणे बंद झाले. त्या तीन वर्षांत लिफ्टची लांबी किती, हा प्रश्न एकाही सभासदाने बिल्डरला विचारला नाही. भाचीने आरशासमोर उभे राहून काढलेले लिफ्टचे छायाचित्र साताऱ्यास आले, त्यात तिच्या खांद्यामागे ‘सहा व्यक्ती, ४०८ किलो’ ही पाटी स्पष्ट दिसते. आपल्याकडील मानकांत एका माणसाचे वजन ६८ किलो धरतात, त्यावरून हा आकडा येतो, आणि एवढ्या लिफ्टची पेटी साधारणपणे ११०० बाय १००० मिलिमीटर असते. रुग्णास आडवा नेण्याचे स्ट्रेचर जवळपास दोन मीटर लांब. आठव्या मजल्यावरून माणूस खाली आणावयाचा तो खुर्चीत बसवून, किंवा जिन्याने. दुसरी, मोठी लिफ्ट आहे काय, आणि वीज गेल्यावर जनित्रावर नेमकी कोणती चालते, हे बंधूंनी याच आठवड्यात पाहून कळवावे.

कराडच्या वाड्यातील जिना भिंतीच्या जाडीत चोरलेला, हातभर रुंद, आणि वरच्या तोंडाला आडवे झडपेचे दार असलेला होता. दरोड्याच्या भीतीने बांधणाऱ्यांनी तो मुद्दाम तसा केला होता आणि त्यांच्या काळी ते शहाणपणाचे होते. आप्पांना खाली आणण्याच्या वेळी झोपाळ्याची फळी काढावी लागली, आणि ती झडपेत अडकली तेव्हा कोण काय बोलले हे येथे लिहिण्याचे कारण नाही, कारण ते बंधूंनाही झोपेत आठवत असणार. त्या रात्रीनंतर थोरली बहीण कोणत्याही घरी गेली की आधी जिना पाहते, मग यजमानांचे कौतुक करते; नातेवाइकांत यावरून होणारी चेष्टा तिला ठाऊक आहे.

हा हट्ट निव्वळ आठवणीतून आलेला नाही. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्या साडेचार तासांत ओळखणे, निघणे, पोहोचणे, स्कॅन होणे, सारे बसवावे लागते. शिवाय मोठी रक्तवाहिनी तुंबली असता दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडलेला हिशेब आहे. लिफ्टसमोर उभे राहण्यात, यांत्रिक पार्किंगची गाडी बाजूला काढण्यात, फाटकावरील पहारेकऱ्याने वहीत नाव लिहून घेण्यात जी मिनिटे जातात, त्यांचे मोल या हिशेबाने करावे. राज्यात २०१४ पासून चालू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस कोणत्या फाटकातून आत घ्यावयाचे हे पहारेकऱ्यास आजच सांगून ठेवावे, आणि भाचा-भाची दोघांकडून चेहरा एका बाजूला ओघळणे, हात खाली पडणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे पाठ करून घ्यावीत. भाचीचे बारावीचे वर्ष आहे म्हणून तिला यातून वगळण्याचा विचार बंधूंनी करू नये. घरात डोके शांत ठेवणारी तेवढी एकच आहे.

भोगवटा प्रमाणपत्र हाती आल्यावरच राहावयास गेलात, हे एक काम मात्र नीट झाले. भिंतीची ओल, चिरा वगैरे बांधकामाचे दोष ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचे असतात, तेव्हा त्यावरून फोनवर आवाज चढविण्याची गरज नाही, लेखी पत्र द्यावे. रक्तदाबाचे यंत्र दंडाला बांधण्याचे आहे ना? तो पाच मिनिटे स्वस्थ बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता मोजावयाचा असतो, आणि घरी घेतलेल्या नोंदींची सरासरी १३५/८५ च्या वर असता कामा नये. बंधू तो बिल्डरशी बोलता बोलता मोजतात असे कळते.

साताऱ्यास दाजींची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पार पडली. दुसऱ्या डोळ्याची त्यांनीच पुढे ढकलली आहे, कारण तोवर थोरली बहीण पुण्यास येणार हे त्यांनी न विचारता ओळखले. आल्यावर तिची झोपण्याची सोय आईच्या खोलीत करावी, बैठकीत नको. तुळस बाल्कनीत ऊन कोणत्या बाजूने येते ते पाहून ठेवावी, आईच्या रोजच्या चौकशीवरून ती अजून वाऱ्यातच उभी आहे असे दिसते. आईस या प्रकरणातील काहीही कळलेले नाही असा बंधूंचा समज आहे. परवा फोनवर खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीचे वर्णन करता करता तिने मध्येच विचारले, की तो हल्ली चहाचा कप डाव्या हाताने का उचलतो.

म्हणून या पत्राचे उत्तर टपालाने पाठवू नये. होल्टरची तारीख ठरवून रात्री नऊनंतर दूरध्वनी करावा, आणि सावकाश, शब्द न गिळता बोलावे. पलीकडून प्रत्येक अक्षर कान देऊन ऐकले जाणार आहे. उजव्या हाताने सही केलेल्या एका कोऱ्या कागदाचे छायाचित्र भाचीने मोबाइलवर काढून धाडावे.

कळावे,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद