फुफींचा प्लेयर आणि सूरहंचा क्रम

कॅसेटच्या काळात क्रम चुकण्याची सोयच नव्हती. फीत एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे जायची आणि तिच्यावर जे ज्या जागी भरले असेल ते त्याच जागी ऐकू यायचे. कल्याण, भिवंडी, मुंब्र्याच्या कितीतरी घरांत आखाती देशांत नोकरीला गेलेल्या माणसांनी आणलेले तीस पाऱ्यांचे संच होते. डबीच्या पाठीवर आकडा असायचा. सातवा पारा हवा तर सातवी डबी काढायची, एवढेच. त्याआधी तबकड्या होत्या. इजिप्तचे कारी महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजातील संपूर्ण कुरआन शरीफची मुद्रिका १९६१ साली निघाली, ती तबकड्यांवरच. पुढे कारी अब्दुल बासित यांचा आवाज कॅसेटवरून आपल्या मोहल्ल्यांत पोहोचला.

मग एमपीथ्री आले. संपूर्ण तिलावत साधारण तीस तासांची धरली आणि एका मिनिटाला एक एमबीच्या आसपास जागा धरली, तर सगळा कुरआन पावणेदोन जीबीत मावतो. तीस डब्यांची पेटी नखाएवढ्या जागेत आली. पण या नव्या वस्तूत फीत नाही. एकशे चौदा सूरह म्हणजे एकशे चौदा सुट्या फाइली, आणि त्या कोणत्या क्रमाने वाजवायच्या हे यंत्र स्वतःच्या हिशोबाने ठरवते. तो हिशोब आपल्याला कोणी सांगत नाही.

माझ्या फुफी कल्याणला दूधनाक्याजवळ राहतात. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. त्यांच्या मुलाने कुवेतहून आणलेला एक छोटा प्लेयर त्यांच्याकडे आहे, दहा-बारा वर्षांचा, बटणांचा. लोक विचारतात, मोबाइल का नाही देत? ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी मोबाइलची काच म्हणजे गुळगुळीत भिंत. कुठे बोट लागले आणि काय उघडले ते कळत नाही. त्यात तिलावत चालू असताना मध्येच फोन येतो, नाहीतर आयत तोडून साबणाची जाहिरात सुरू होते. बटण बोटाला कळते. पण असे प्लेयर आता दुकानात सहज मिळत नाहीत. अ‍ॅपलनेसुद्धा २००१ मध्ये आणलेला आयपॉड २०२२ मध्ये बंद केला. म्हणून जुना आहे तो सांभाळायचा.

गेल्या रमजानच्या आधी फुफींच्या नातवाने हौसेने स्टेशनजवळच्या एका दुकानातून प्लेयरमध्ये नवी तिलावत भरून आणली. गाणी, नात, कव्वाली, सिनेमे, जे मागाल ते भरून देणारी ही दुकाने आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. दोन दिवसांनी फुफींचा फोन आला.

"बेटा, यात फातिहानंतर सूरह युनूस लागते. मग आदियात, मग कारिआ. आणि बकरह कुठे येते माहीत आहे? मरियम संपल्यावर! रोज एक पारा ऐकायचा माझा नेम आहे, तो मी कसा पाळू?"

मी आधी विचारले, फेरफार करून वाजवणारे बटण चुकून दाबले गेले नाही ना? अशा तक्रारीत पहिला संशय त्याच बटणावर घ्यावा. पण फुफी म्हणाल्या, रोज असाच क्रम लागतो. रोज तसाच असेल तर तो योगायोग नव्हे, त्याला काहीतरी नियम आहे. फातिहा पहिली, युनूस दहावी, आदियात शंभरावी, कारिआ एकशे एकावी. यंत्र आकडे आकडे म्हणून वाचत नव्हते, अक्षरे म्हणून वाचत होते. शब्दकोशात जसे 'क'ने सुरू होणारे सगळे शब्द संपल्याशिवाय 'ख' येत नाही, तसे एकने सुरू होणारे सगळे संपल्याशिवाय दोन येत नाही. एक, दहा, शंभर, एकशे एक असे करत एकोणीस, म्हणजे मरियम, आणि तिच्यामागे दोन, म्हणजे बकरह.

रविवारी लॅपटॉप पिशवीत घालून मुंब्र्याहून धीम्या लोकलने कल्याणला गेले. दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली. अर्ध्या तासाच्या वाटेत माझ्या मनात काम संपलेही होते. नावांना शून्ये लावायची: ००१, ००२, ०१०. मग अक्षरांचा क्रम आणि आकड्यांचा क्रम एकच होतो.

तिथे पहिला अडथळा असा की लॅपटॉपला प्लेयर दिसेचना. प्लेयरवर चार्जिंगची खूण येत होती, म्हणजे जोडणी होती. अशा वेळी सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी वायर बदलून बघावी. साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात, दोन विजेच्या, दोन माहितीच्या. स्वस्तातल्या चार्जिंगच्या वायरीत पुष्कळदा माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. शेजारच्या मुलाकडून दुसरी वायर आणली आणि प्लेयर लगेच दिसला.

प्लेयरमधल्या फाइलींची नावे बदलली. लॅपटॉपच्या पडद्यावर एकशे चौदा सूरहंची देखणी रांग उभी राहिली. प्लेयर कानाला लावला, तर फातिहानंतर पुन्हा युनूस.

इथे बहुतेक लोक हात टेकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. लॅपटॉप आपल्याला दाखवताना फाइली नावाने लावून दाखवतो. विंडोज तर आकड्यांचा अर्थही समजून घेते, १ नंतर २ दाखवते, त्यामुळे चुकीचा क्रम पडद्यावर दिसतच नाही. स्वस्त प्लेयर एवढी मेहनत घेत नाही. त्याच्या मेमरीत प्रत्येक फोल्डरची एक वही असते. ज्या क्रमाने फाइली आत आल्या त्या क्रमाने त्यांची नोंद होते आणि प्लेयर ती वही वरून खाली वाचत जातो. नाव बदलले म्हणून वहीतली जागा बदलत नाही. एखादी फाइल काढली की तिची ओळ रिकामी होते आणि नंतर आलेली फाइल त्या रिकाम्या जागी बसू शकते, लोकलमध्ये डोंबिवलीला कोणी उठले की उभा असलेला बसतो तशी. मागून भरलेली सूरह अधेमधे कुठेतरी वाजते ती यामुळे. दुकानदाराने सगळा फोल्डर एका दमात ओतला होता आणि त्याच्या संगणकाने फाइली अक्षरांच्या क्रमाने पाठवल्या होत्या. वहीत तोच क्रम पक्का झाला होता.

नातवाने सल्ला दिला, "फॉरमॅट मारा ना, सगळं साफ." हा सल्ला हल्ली सगळेच देतात. प्लेयरसोबत आलेल्या माहितीपत्रकात मात्र लिहिले होते की क्रम लावायचा असेल तर कंपनीचे सॉफ्टवेअर वापरून यादी तयार करा. ते लॅपटॉपवर घातले. प्लेयर जोडताच त्याने इंग्रजीत एक प्रश्न विचारला. त्याचा अर्थ असा होता की हा प्लेयर दुसऱ्या संगणकाशी जोडलेला आहे, तो पुसून या संगणकाशी जुळवू का?

जुळवणे हा शब्द ऐकायला गोड आहे. या सॉफ्टवेअरची रीत अशी की संगणकावरची यादी खरी मानायची आणि प्लेयरला तिच्यासारखे करायचे. यादीत जे आहे ते प्लेयरमध्ये जाईल, यादीत जे नाही ते प्लेयरमधून काढले जाईल. दुसरा संगणक म्हणजे फुफींच्या मुलाचा, तो कधीच भंगारात गेला. माझ्या लॅपटॉपवरची यादी कोरी होती. म्हणजे होय म्हटले असते तर प्लेयर कोरा झाला असता.

मी विचारले, "फुफी, यात तिलावतीशिवाय आणखी काही आहे का?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "यांचा आवाज आहे ना."

फुफांना जाऊन बरीच वर्षे झाली. या प्लेयरला आवाज टिपण्याची सोय आहे हे मी विसरले नव्हते, ते मला ठाऊकच नव्हते. फुफांना ते ठाऊक होते. फजरच्या नमाजनंतर ते यासीन शरीफ पढायचे आणि कधीमधी प्लेयर समोर ठेवायचे. हे फुफींशिवाय कोणालाच माहीत नव्हते. त्यांना ते लावता येत नव्हते, पण आत आहे एवढे माहीत होते.

सॉफ्टवेअरला नाही म्हणून ते बंद केले. मग प्लेयर साध्या पेन ड्राइव्हसारखा उघडला आणि त्यातली प्रत्येक वस्तू, कळो न कळो, लॅपटॉपवर उतरवून घेतली. मुद्रणाच्या फोल्डरमध्ये अकरा फाइली निघाल्या. सगळ्यांवर एकच तारीख, १ जानेवारी, कारण प्लेयरचे घड्याळ कोणी लावलेच नव्हते. नावावरून काही कळणार नव्हते, म्हणून एकेक ऐकत गेलो. तीन नुसत्याच खरखरीच्या. एकात फुफा कोणाला तरी भाड्याच्या पावतीविषयी बजावत होते. सातवीत यासीन सुरू झाली. आवाज बसका, संथ, मागे कुकरची शिटी. मध्येच खोकला लागला, थांबले, आणि पाणी मागितले. "आणते," असा एक बाईचा आवाज आला. फुफींनी माझा हात घट्ट धरला. तो त्यांचाच आवाज होता.

त्या पूर्ण ऐकेपर्यंत लॅपटॉपला मी हात लावला नाही.

मग राहिलेले काम. या अकरा फाइलींच्या प्रती पेन ड्राइव्हवर, माझ्या लॅपटॉपवर आणि कुवेतला त्यांच्या मुलाकडे गेल्या. एखादा आवाज एकाच यंत्रात असला तर तो सुरक्षित आहे असे समजू नये. मुद्रण डब्ल्यूएव्ही प्रकारचे होते, जागा फार खाणारे. ऑडॅसिटी नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने त्याची एमपीथ्री प्रत केली, मूळ फाइल न छेडता. खरखर कमी करण्याची सोय त्यात आहे. नातू म्हणाला, कुकरची शिटीही काढून टाकू. फुफींनी साफ नकार दिला.

तिलावतीचा क्रम लावायला ना फॉरमॅट लागले ना कंपनीचे सॉफ्टवेअर. लॅपटॉपवरच नावांना शून्ये लावून फोल्डर तयार केला, प्लेयरमधला जुना फोल्डर काढला आणि नवा अखंड आत टाकला. नवा फोल्डर म्हणजे कोरी वही; नोंद ००१ पासून ११४ पर्यंत सरळ झाली. फाइली निवडून ओढणार असाल तर पहिल्या फाइलीला पकडून ओढा, कारण ज्या फाइलीला धरून ओढाल ती विंडोज बहुधा सर्वांत आधी पाठवते. काही प्लेयर वही न वाचता फाइलीच्या पोटातली चिठ्ठी वाचतात, त्यात कारींचे नाव, संचाचे नाव, क्रमांक असतो. त्या चिठ्ठ्या एमपीथ्रीटॅग या प्रोग्रॅमने दुरुस्त होतात. कारींचे एकच नाव तीन प्रकारे लिहिलेले असले तर प्लेयर त्यांना तीन कारी समजतो. अरबी नावांच्या जागी चौकोन दिसणे हाही तिथलाच घोटाळा, पण फुफींना पडदा दिसतच नाही, तेव्हा ते सोडून दिले.

वायर ओढून काढण्याआधी संगणकाला सांगून प्लेयर सोडवून घ्यावा, हे सगळ्यांना माहीत असते आणि कोणी करत नाही. पडद्यावर काम संपलेले दिसते तेव्हा शेवटचा भाग कधीकधी अजून लिहिला जात असतो. दुकानातून आलेल्या संचात सूरह रहमान अर्ध्यावर तुटत होती, बहुधा याच घाईने. ती नव्याने आणली. तपासणी फुफींनीच केली. प्रत्येक सूरहची सुरुवात ऐकून पुढचे बटण दाबत त्या गेल्या. अन्फालनंतर बिस्मिल्लाहशिवाय आवाज सुरू झाला तेव्हा त्यांनी मान हलवली, "तौबा. बरोबर." माझ्या पडद्यावरच्या रांगेपेक्षा ही परीक्षा कितीतरी कडक होती.

तिलावत आणि गाणी एका यंत्रात असावीत का, हा प्रश्न नातवाने काढला, कारण रफीसाहेबांचा एक फोल्डर फुफांच्या काळापासून तिथे होता. त्याचे उत्तर आपापल्या मौलानांना विचारावे, माझे काम फाइलींपुरते. एवढे खरे की फोल्डर वेगळे ठेवले तर एक संपून आपोआप दुसरे सुरू होणार नाही, अशी सोय या प्लेयरमध्ये आहे. ती लावली.

उरला यासीनचा प्रश्न. सूरह यासीन छत्तिसावी. मी विचारले, ०३६ च्या जागी फुफांची घालू का?

"नाही बेटा. तिथे कारीसाहेबच. यांचं पाणी मागणं तिलावतीत कशाला? यांना वेगळं ठेव."

तिसऱ्या फोल्डरमध्ये ठेवले. फोल्डरचे बटण दोनदा दाबले की फुफा. त्यांनी दाबून पाहिले. एकदा दाबल्यावर रफीसाहेब सुरू झाले, पुन्हा दाबल्यावर फुफा.

"सकाळी सकाळी यांच्याकडे जायला मला रफीवरून जायला नको. यांना मध्ये आण."

फोल्डरचीही वही असते. तिन्ही बाहेर काढले आणि आधी तिलावत, मग फुफा, मग रफीसाहेब असे पुन्हा आत टाकले. पाऊण तास लागला, आणि परतीची लोकल चुकली.