दुसऱ्याचा श्वास

गतवर्षी पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ जमिनीवर निजला असता त्यास मण्यार डसली. हिच्या दंशाने ना फारशी सूज येते, ना वेदना होते. पहाटे त्याच्या पापण्या आपोआप मिटू लागल्या, तेव्हा आम्ही त्यास खानापुरास नेले. तेथील डॉक्टरांनी सर्पविषावरील औषध देऊन आम्हांस तातडीने बेळगावकडे धाडले.

वाटेत त्याचा श्वास मंदावला. हृदय चालू होते. परंतु विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडले होते. "गेला, गेला!" म्हणून मी रडू लागलो. सोबतच्या परिचारिकेने मात्र त्याची मान मागे कलती केली, नाकातोंडावर मुखवटा बसवला आणि त्यास जोडलेली पिशवी माझ्या हाती दिली. "दादा, मी मुखवटा धरते. तुम्ही पिशवी दाबा."

भीतीपोटी मी ती लोहाराच्या भात्याप्रमाणे भराभर दाबू लागलो. भावाचे पोट फुगू लागले.

"हळू! जास्तीची हवा पोटात जाते. उलटी होऊन ती श्वासनलिकेत उतरली, तर घात होईल. छाती किंचित वर आली की सोडा. पाचसहा सेकंदांनी पुन्हा दाबा."

मोठ्या माणसाच्या पिशवीत सुमारे दीड लिटर हवा मावते. एका श्वासास अर्धा लिटर पुरते. मी मोठ्याने आकडे मोजू लागलो, तेव्हा कोठे माझे लक्ष तिच्या हातांकडे गेले. अंगठे व तर्जनी मुखवट्यावर, उरलेली बोटे जबड्याच्या हाडाखाली. ती मुखवटा चेहऱ्यावर दाबीत नव्हती. जबडाच उचलून मुखवट्यास भिडवीत होती. नुसते खाली दाबल्यास जबडा व जीभ मागे सरून वाट बुजते. एकट्याने एका हाताने धरल्यास कडेने हवा निसटते. म्हणून दोघे असलेले बरे.

पुढे वाचनात आले, की १९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची साथ आली असता, डॉक्टर इब्सेन यांनी दाखविलेल्या मार्गाने सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने पिशव्या दाबून रुग्णांस गळ्यातील नळीवाटे श्वास दिला. सोडताच स्वतः फुगणारी आजची पिशवी त्याच देशात १९५६ साली आली.

बेळगावात भावास यंत्रावर ठेवले. काही दिवसांनी नळी निघाली. तो क्षीण आवाजात म्हणाला, "दादा, मला सारे ऐकू येत होते. मोजताना तू दोनदा चुकलास."

म्हणजे माझे "गेला, गेला" हेही त्याने ऐकले होते. आता आमच्या घरी सारी खाटेवर, मच्छरदाणीत निजतात; आणि निपचित पडलेल्या माणसाच्या उशाशी मी जपून बोलतो.