टाळीवर धरलेली ओळ

वणीत मराठी शिकवणाऱ्याच्या वाट्याला मोठा वारसा येतो. राम शेवाळकर इथल्या लोकमान्य टिळक महाविद्यालयाचे प्राचार्य होते. कीर्तनाच्या घरात घडलेली त्यांची वाणी पुढे १९९४ साली पणजीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत पोचली. तिकडे अकोल्यात प्राध्यापक-कवी विठ्ठल वाघांनी कवितासंग्रहाचं नावच ‘काया मातीत मातीत’ ठेवलं, आणि वऱ्हाडी म्हणींचा अभ्यासही केला. प्राध्यापकी आणि गाणं एकाच गळ्यात नांदू शकतं, हे मला या दोघांमुळे पटलं.

माझी कविता मात्र भुलाबाईजवळ घडली. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आमच्याकडे पोरी भुलाबाई मांडतात, टाळ्या वाजवत गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायला लावतात. या गाण्यांत एक ओळ मागच्या ओळीचा पदर धरून येते. अर्थ मधेच सुटला तरी टाळी सुटत नाही.

एका आजीला मी म्हटलं, गाणं नुसतं सांगा, मी लिहून घेतो. तिला दोन ओळींपुढे आठवेना. “असं सांगून नाई येत बाप्पा, टाळी वाजवा लागते,” म्हणाली. मग स्वतःच्या मांडीवर थाप देत सुरू झाली, आणि सासू, नणंद, माहेरचा भाऊ सगळे न थांबता येत गेले. तेव्हापासून मी गाणं उतरवताना टाळी ज्या अक्षरावर पडते त्याखाली खूण करतो. ‘डोया’ म्हटलं असेल तर ‘डोया’च लिहितो, ‘डोळा’ केलं की त्या जागी आवाज जड होतो, ठेका अडतो.

वर्गातही हेच सांगत असतो. गावाकडची कविता लिहा म्हटलं की मुलं जातं, मोट, तिफण पेरून मोकळी होतात. अशी कविता मला खोटी वाटते. आज वणीच्या पोराच्या डोळ्यांसमोर कोळशाची खाण आहे, रस्त्यावरचे ट्रक आहेत. त्याने ते लिहावं, पण आजीच्या ठेक्यात लिहून बघावं. वर्गात एखादा कोलाम मुलगा असला तर त्याच्या घरची बोली द्राविडी कुळातली. तिचा ठेका आणखी निराळा. त्याने तो मराठीत आणला तर मराठीचंच भलं होईल.

तुमच्या घरी भुलाबाईची गाणी येणारी आई, आत्या, आजी असेल, तर येत्या भादव्यात तिच्याजवळ बसा. मोबाइलवर आवाज घ्या, शब्द तिच्याच उच्चारात लिहा, आणि गाणं ती कोणत्या गावी, कोणाकडून शिकली, तेही खाली नोंदवा.