रे डेव्हिस, किंक्स आणि आपण आठवणीवाले



आपल्या समूहावर आतापर्यंत वाडे झाले, शाळामास्तर झाले, दांडिया बाजारातली दुकानं झाली, गणपती तर दरवर्षी होतातच. आज मी एका इंग्रज गाणाऱ्यावर लिहितोय. ॲडमिनताईंना आधी विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, "काका, आपल्याशी संबंध असला म्हणजे झालं." संबंध आहे, बघा तुम्हीच.

निमित्त नातवाचं. सुट्टीत आला होता, माझ्या खांद्यावरून हा समूह वाचत होता. म्हणाला, "आजोबा, तुमच्याकडे सगळे नुसते उसासे टाकतात. आमच्या वेळी असं, आमच्या वेळी तसं." मुलगा वाईट नाही, आणि बोलला तेही अगदीच खोटं नाही. पण तेव्हापासून रे डेव्हिस डोक्यात घोळतोय.

बीटल्स सगळ्यांना ठाऊक. त्याच काळात लंडनमध्ये 'द किंक्स' नावाचा बँड होता, त्याचा मुख्य गायक आणि गीतकार हा रे डेव्हिस. जन्म २१ जून १९४४, उत्तर लंडनमधल्या फॉर्टिस ग्रीनचा. आठ भावंडं. आधी सहा बहिणी, मग रे, आणि शेंडेफळ डेव्ह, तोही बँडमध्ये गिटारवर. घर कामगाराचं, पण पुढच्या खोलीत पियानो, आणि शनिवारी रात्री सगळं गोत जमून गाणी. आपल्याकडे कोजागिरीला जमायचे तसे, फक्त दुधाऐवजी बिअर.

थोरल्या बहिणींपैकी एक रेनी. लग्न होऊन कॅनडाला गेलेली, माहेरी आलेली. हृदय अशक्त, नाचायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. रेच्या तेराव्या वाढदिवसाला तिने त्याला एक स्पॅनिश गिटार आणून दिली. त्याच रात्री ती लायसियम नावाच्या नाचघरात गेली आणि नाचता नाचता तिथेच गेली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला हा माणूस भेटला मुंबईत. १९७३ साली बडोद्याहून माझी फोर्टच्या शाखेत बदली झाली. आमच्या फॉरेन एक्स्चेंजमध्ये एक गोवेकर सहकारी होते, त्यांचा मेहुणा बोटीवर, तो रेकॉर्डी आणायचा. शनिवारी अर्धा दिवस काम, त्यानंतर त्यांच्याकडे मासळीचं जेवण आणि रेकॉर्डी. मी तोवर नाट्यसंगीत आणि रेडिओ सिलोन यांपलीकडे गेलो नव्हतो. एकदा ते म्हणाले, "तू टॅली लागेपर्यंत उठत नाहीस ना? मग हे ऐक, हे खास तुझ्यासाठी." गाणं होतं 'द मनीगोराउंड'. १९७० सालचं. गाण्याचे पैसे कोणाकोणाच्या खिशातून फिरत फिरत शेवटी गीतकाराच्या हाती किती उरतात, याचा जमाखर्च! त्यात रेने आपल्याच मॅनेजरांची पहिली नावं घातली आहेत. प्रेमगीतांच्या बाजारात हिशेबाचं गाणं लिहिणारा माणूस मला तत्काळ आवडला.

त्यामागची हकीकत बँकवाल्याने सांगण्यासारखी आहे. १९६४ साली पोरांनी पाय रेकॉर्ड कंपनीशी करार केला. पहिल्या दोन तबकड्या पडल्या. तिसरं गाणं 'यू रिअली गॉट मी'. डेव्हने आपल्या छोट्या अँप्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने फाडला, म्हणून गिटारला तो खरखरीत आवाज आला. कंपनीने केलेलं ध्वनिमुद्रण रेला पसंत पडेना. पुन्हा करायचं तर खर्च द्यायला कंपनी तयार नाही. शेवटी मॅनेजर मंडळींनीच पदरचे पैसे घातले. वीस वर्षांचा पोरगा अडून बसला आणि त्याचंच खरं झालं, सप्टेंबर १९६४ मध्ये गाणं इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर.

पण सह्या करताना एका मॅनेजरने दुसऱ्याला हिस्सा दिलेला, त्याने प्रकाशनाचे हक्क तिसऱ्याकडे नेलेले. पुढे फाटलं, कोर्टकचेऱ्या झाल्या. 'डेन्मार्क प्रॉडक्शन्स विरुद्ध बॉस्कोबेल प्रॉडक्शन्स' हा खटला इंग्लंडच्या लॉ रिपोर्टमध्ये छापलेला आहे. निकाल लागेपर्यंत रेची गीतकार म्हणून होणारी कमाई अडकून पडली. आपल्या भाषेत, सस्पेन्स खातं. १९६६ साली 'सनी आफ्टरनून' इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर, आणि पैसे सस्पेन्सला! ते १९७० पर्यंत तसेच.

दुसरा दणका अमेरिकेचा. १९६५ च्या उन्हाळ्यात तिथे दौरा केला, भांडणं केली, आणि तिथल्या वादकांच्या युनियनने पुढची चार वर्षं परवानगीच दिली नाही. भांडखोर होतेच ते. त्याच वर्षी कार्डिफला ड्रमवाल्याने भर रंगमंचावर डेव्हच्या डोक्यात झांजेचा स्टँड घातला, सोळा टाके पडले. भावाभावांचं तर कधीच पटलं नाही. भाऊबंदकी ही काही आपलीच मक्तेदारी नव्हे.

अमेरिका बंद म्हणजे मोठा बाजार बंद. ज्या चार वर्षांत बाकीचे इंग्रज बँड तिथे पैसा ओढत होते, त्या चार वर्षांत हा घरी बसला आणि खिडकीतून आपला मुलूख बघत राहिला. १९६७ चं 'वॉटर्लू सनसेट' ऐका. लहानपणी सेंट थॉमस रुग्णालयात असताना नर्स त्याला बाल्कनीत आणून थेम्स दाखवत, ती नदी त्यात आहे. स्टेशनाजवळ भेटणारं एक जोडपं, आणि खिडकीतून ते बघणारा एकटा माणूस. बस, एवढंच. माझ्या मते त्या काळातलं सर्वांत देखणं इंग्रजी गाणं हेच. क्रमांक दुसरा आला, जाऊ द्या.

आता ज्या रेकॉर्डसाठी एवढं लांबण लावलं ती. 'द व्हिलेज ग्रीन प्रिझर्वेशन सोसायटी', म्हणजे गावातली हिरवळ जपणारं मंडळ. नाव ऐकून आपल्याच समूहाचं वाटतं की नाही? निघाली २२ नोव्हेंबर १९६८ ला. त्याच दिवशी इंग्लंडात बीटल्सचा पांढरा अल्बम आला, तेव्हा याचं काय झालं असेल ते सांगायला नको. इंग्लंडच्या यादीत नाही, अमेरिकेच्याही नाही. जग क्रांतीच्या गोष्टी करत होतं आणि हा चोवीस वर्षांचा माणूस स्ट्रॉबेरीचा मुरंबा, चिनी मातीचे कप, कोपऱ्यावरची दुकानं आणि जुनी लाकडी घरं जपायला हवीत म्हणून मंडळ काढत होता.

इथे कोणी म्हणेल, झालं, हा पण उसासेवाला. नाही. त्या रेकॉर्डमध्ये वॉल्टर नावाच्या बालमित्राचं गाणं आहे. दोघांनी मिळून जग जिंकायचं ठरवलेलं. आता गाणाऱ्याला कळतं की वॉल्टर सुटला असेल, लग्न झालं असेल, रात्री लवकर झोपत असेल, आणि आज भेटलोच तर बोलायला काही नसेल. दुसऱ्या एका गाण्यात गाव सोडून गेलेला माणूस हिरवळीची आठवण काढतो, आणि ज्या पोरीला तो सोडून गेला तिने वाण्याच्या पोराशी लग्न केलेलं असतं, तो पोरगा आता दुकानाचा मालक. गावात आता परदेशी पाहुणे येऊन जुन्या घरांचे फोटो काढतात. आणखी दोन गाणी नुसती फोटोंवरच आहेत: माणसं एकमेकांचे फोटो का काढत सुटतात, यावर.

म्हणजे हा माणूस जपतोही आणि जपणाऱ्यांची गंमतही करतो. हिरवळ होती म्हणतो, पण तिथून उठून आपणच गेलो हेही सांगतो. हे दुसरं आपण लिहीत नाही.

आता घरचंच सांगतो. आमच्या वाड्याच्या कागदांवर मी यंदा सही केली. सहा हिस्सेदार, त्यातले दोन परदेशात. बिल्डर चार मजली बांधणार आहे. समूहावर दोघातिघांनी हळहळ व्यक्त केली, एकांनी तर "बडोद्याच्या मराठी संस्कृतीवर घाव" असं लिहिलं. मंडळी, माडीवर चार पावसाळे बादल्या ठेवल्या होत्या. जिना इतका उभा की आमच्या आईला शेवटची दोन वर्षं खाली आणता आलं नाही, खुर्चीत बसवून चौघांनी उचलून दवाखान्यात न्यायचे. मागच्या अंधाऱ्या खोलीत माझी एक आत्या सोवळ्यात चाळीस वर्षं राहिली, तिचा एकही फोटो घरात नाही. झोपाळा होता, चौकात तुळस होती, दुपारी ओटल्यावर शेजारच्या गुजराती काकी डाळ निवडत बसायच्या, हेही खरंच. पण सही करताना माझा हात थरथरला नाही. मला वाड्यावर लिहा म्हणून तिघांनी सांगितलं आहे. लिहीन. त्यात झोपाळा येईल, बादल्या येतील, आणि आत्या पहिली येईल. चालत असेल तर सांगा.

रेच्या पुढच्या वर्षांचं भराभर सांगतो. १९६९ ला 'आर्थर' हा अल्बम, ऑस्ट्रेलियाला स्थायिक झालेल्या मेहुण्यावरून सुचलेला, साम्राज्य ओसरल्यावर राहिलेल्या साध्या माणसाची गोष्ट. १९७० ला 'लोला' गाजलं; त्यात एका शीतपेयाचं नाव होतं म्हणून बीबीसी वाजवेना, तर हा अमेरिकेच्या दौऱ्यातून विमानाने लंडनला आला आणि तेवढे शब्द बदलून गेला! १९७३ ला बायको मुलांना घेऊन गेली, त्याने भर कार्यक्रमात निवृत्ती जाहीर केली, मग सावरला. त्यानंतरची नाटकी थाटाची दोन-तीन वर्षं मला सोसत नाहीत. १९९६ नंतर बँड थांबला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या समारोपात त्याने 'वॉटर्लू सनसेट' गायलं. २०१७ ला सर झाला. आणि ती न खपलेली हिरवळ? २०१८ साली, पन्नास वर्षांनी, इंग्लंडात तिच्या एक लाख प्रती पूर्ण झाल्या आणि तिला गोल्ड मिळालं. मुदत ठेवीवरसुद्धा आम्ही कोणाला इतकं थांबवलं नाही.

मुंबईचा धागा राहिला. जानेवारी १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियाला जाताना किंक्स मुंबईत उतरले. पहाटे रेला समुद्राकाठी जाळी घेऊन कामाला निघालेल्या कोळ्यांचा सूर ऐकू आला. त्यावरून त्याने 'सी माय फ्रेंड्स' केलं, जुलैमध्ये ते निघालं. त्यात सतार नाही, गिटारच तंबोऱ्यासारखी लावून धरलेली आहे. बीटल्सची सतार त्यानंतर, डिसेंबरात आली. आपल्या कोळ्यांच्या सुरावर त्याने गाणं बांधलं ते कोणासाठी? तर रेनीसाठी, तिच्या जाण्यावर, हे त्याने स्वतः सांगितलं आहे.

तिच्यावर तो पुन्हा एकदा आला, 'कम डान्सिंग' मध्ये. १९८३ साली हे गाणं अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं, कंपनीच्या प्रमुखाला ते फार इंग्रजी वाटत होतं तरी. गाण्यात धाकटा भाऊ खिडकीतून बघतोय, थोरली बहीण शनिवारी नटून नाचघरात निघालीय. मग नाचघर पाडतात. आता तिथे गाड्या उभ्या राहतात. पण गाण्यातली बहीण मरत नाही. ती संसाराला लागते, तिला मुली होतात, त्या रात्री उशिरा घरी येतात, आणि ती जागी राहून वाट बघते.

गोवेकरांनी माझ्या बदलीच्या वेळी 'व्हिलेज ग्रीन'ची आपली प्रत मला दिली होती, ती अजून आहे. प्लेअरची सुई मात्र गेलीय. बडोद्यात कोणाकडे चालू प्लेअर असेल तर कळवा. एखाद्या रविवारी सकाळी रेकॉर्ड घेऊन येतो, चहा तुमच्याकडे.